शटर ओढण्याआधी आणि उघडण्याआधी

या महिन्यात नाशिकरोडच्या बाजारपेठेविषयी इतकी पत्रे आली की हे सदर पूर्णपणे त्यांनाच द्यावे असे ठरवले. बिटको चौक, शिवाजी पुतळा, देवी चौक, मुक्तिधामचा परिसर आणि जेलरोड या पट्ट्यात कोणते दुकान उघडले, कोणते बंद झाले आणि कोणत्या रस्त्यावर कधी मंडप पडणार, हे प्रश्न दुरून पाहणाऱ्याला किरकोळ वाटतील. पण ज्या घराची चूल त्या गल्ल्यावर पेटते, त्या घराला ते किरकोळ नसतात. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील बिटको चौकाजवळ भाड्याच्या गाळ्यात चाळीसहून अधिक वर्षे घड्याळदुरुस्तीचे दुकान चालवतात. आता त्यांचा हात थरथरतो, भिंग लावूनही बारीक स्क्रू दिसत नाहीत, त्यामुळे येत्या दिवाळीनंतर दुकान बंद करायचे ठरले आहे. मी पुण्यात नोकरीला आहे. कपाटात लोकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि परत न नेलेली पुष्कळ घड्याळे आहेत. वडील म्हणतात, गाजावाजा नको, एके दिवशी शांतपणे शटर ओढू आणि गाळ्याचे पुढे बघू. आम्ही काय करावे?

उत्तर : वडिलांना गाजावाजा नको वाटणे स्वाभाविक आहे. ज्या खुर्चीवर बसून उभे आयुष्य काढले ती सोडताना येणाऱ्या-जाणाऱ्याने "का हो, बंद का करता?" असे विचारत राहावे, हे कोणालाही जड जाते. तरीही त्यांचे हे एक म्हणणे आपण मान्य करू नये, असे मी आग्रहाने सांगते. किराणा दुकानातील माल दुकानदाराचा असतो, पण घड्याळजीच्या कपाटातील बहुतेक माल गिऱ्हाइकाचा असतो, आणि म्हणून त्याला शांतपणे शटर ओढता येत नाही.

माझ्या आईचे एक चावीचे घड्याळ असेच एका दुकानात राहून गेले. ठरलेल्या दिवशी ती घड्याळ आणायला गेली तेव्हा शटरला कुलूप होते, पाटी जागच्या जागी होती आणि शटरखालच्या फटीत विजेचे बिल अर्धे आत, अर्धे बाहेर अडकले होते. पंधरा दिवसांनी ती पुन्हा गेली, महिन्याने पुन्हा गेली; बिलांची संख्या वाढली होती, एवढाच फरक होता. शेजारच्या दुकानदारालाही काही ठाऊक नव्हते. तो घड्याळजी अप्रामाणिक होता असे आईने कधी म्हटले नाही, कदाचित घरात आजारपण आले असेल. पण ते घड्याळ तिने पहिल्या पगारातून घेतले होते, आणि दुरुस्तीची ती गुलाबी चिठ्ठी तिने शेवटपर्यंत पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली होती. शटरवर चार ओळींचा कागद चिकटवला असता तर हे टळले असते.

आता कायद्याचे पाहू. दुरुस्तीसाठी सोपवलेली वस्तू म्हणजे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या भाषेत निक्षेप होय. कलम १५१ प्रमाणे अशी वस्तू सांभाळणाऱ्याने, सर्वसाधारण समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तिची घ्यावी लागते. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा अधिकार कलम १७० ने कारागिराला दिला आहे. परंतु ठेवून घेण्याचा अधिकार म्हणजे विकण्याचा अधिकार नव्हे, आणि येथेच अनेकांची गफलत होते. सोने तारण घेणाऱ्याला वाजवी सूचना देऊन तारण विकता येते, दुरुस्ती करणाऱ्याला ती मुभा नाही. म्हणून "इतक्या वर्षांत कोणी आले नाही" या कारणावरून ती घड्याळे घाऊक भावाने भंगारवाल्याला देऊन टाकू नका.

त्याऐवजी पुढील तीन-चार रविवार नाशिकरोडला येऊन वडिलांच्या शेजारी बसा. प्रत्येक घड्याळाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी वाचा, वहीतील नोंदीशी ताडून पाहा, मोबाइलवर समोरून आणि मागून छायाचित्र घ्या आणि एक यादी करा. ज्या चिठ्ठीवर फोन नंबर आहे त्याला फोन करा. जुने नंबर बंद लागतील, पण वडिलांना चिठ्ठीवरच्या नावापेक्षा घड्याळ पाहून माणूस अधिक आठवेल, तेव्हा ते सांगतील ते लिहून घ्या. नाशिकरोडला आणखी एक सोय आहे. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आणि करन्सी नोट प्रेस १९२८ पासून येथे असल्यामुळे पाळीवर जाणारा, वेळेचा काटेकोर असा कामगारवर्ग हे या बाजाराचे फार जुने गिऱ्हाईक आहे. आपल्या कपाटातही प्रेसमधील निवृत्तांची घड्याळे असण्याचा संभव मोठा आहे, आणि निवृत्त मंडळी एकमेकांच्या संपर्कात असतात. त्यांच्यापैकी दोघांच्या हाती यादी दिली तरी निम्मे काम होईल. त्यात एचएमटीची चावीची घड्याळे निघाली तर ती विशेष जपा. सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये घेतला, त्यामुळे गेलेले घड्याळ तसेच नवे आणून देता येणार नाही.

यासोबत शटरवर आणि दुकानातील आरशाशेजारी आजच पाटी लावा. पाटीत दुकान बंद होण्याची निश्चित तारीख, दुरुस्तीला दिलेल्या वस्तू नेण्याची मुदत, त्यानंतर संपर्क कोणाशी साधायचा तो फोन नंबर आणि नवे काम कोणत्या तारखेपासून स्वीकारणार नाही, एवढे असावे. मुदत किमान तीन महिन्यांची द्या, कारण वर्षातून एकदा दिवाळीला गावी येणारी माणसे असतात. एखाद्या स्थानिक दैनिकात छोटी जाहीर सूचना दिली तर आपण प्रयत्न केल्याचा पुरावाही राहील. एवढे करूनही जी घड्याळे उरतील ती यादीसह एका डब्यात घरी जपून ठेवा. घड्याळांना जागा किती लागते?

गाळ्याचे "पुढे बघू" हे मात्र चालणार नाही. गाळा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खालील जुन्या भाडेकरारावर असेल, तर योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने तो ज्या कामासाठी घेतला त्या कामासाठी वापरला नाही, एवढ्या आधारावरही कलम १६ खाली घरमालकाला ताब्यासाठी दावा लावता येतो. कुलूप लावून ठेवलेला गाळा म्हणजे जपून ठेवलेला हक्क, ही समजूत आपल्या बाजारपेठेत घट्ट बसली आहे आणि तिने अनेक कुटुंबांचे नुकसान केले आहे. घरमालकाच्या संमतीशिवाय गाळा परस्पर दुसऱ्याला वापरायला देणे हेही कलम २६ मुळे अंगाशी येते. दुसरीकडे, भाडेहक्क सोडताना किंवा हस्तांतरित करताना भाडेकरूने मोबदला घेणे, ज्याला आपण पागडी म्हणतो, ते कलम ५६ प्रमाणे कायदेशीर आहे. तेव्हा दुकान चालू असतानाच घरमालकाशी बसून बोला, ठरेल ते लेखी करा, रकमेचा व्यवहार बँकेतून करा आणि ताबा देताना तारखेसह पोच घ्या. वीजजोडणी आपल्या नावावर असेल तर ती बंद करून सुरक्षा ठेव परत मागायला विसरू नका. जीएसटी नोंदणी घेतलेली असेल तर ती रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे. नसेल तर तो प्रश्नच नाही.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगते. दुकानात सेल बदलून देणारा, पट्टे लावणारा मदतनीस असेल तर त्याला पाटी लागण्याच्या आधी सांगा. इतक्या लहान दुकानाला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होत नाही, पण वडिलांची हत्यारे, भिंगे आणि सुट्या भागांचे डबे यांचा पहिला मान त्याचा आहे. तो स्वतःचे काम सुरू करणार असेल तर पाटीवर त्याचाही पत्ता लिहा. गिऱ्हाइकाला जायला एक दार मिळेल आणि वडिलांनाही बंद करताना थोडे हलके वाटेल.

प्रश्न : मी आणि माझी जाऊबाई मिळून जेलरोडला पोळी-भाजी केंद्र सुरू करणार आहोत. मोक्याचा एक गाळा रिकामा आहे. मालक म्हणतात, कुंभमेळा येतो आहे, भाडे आजच वाढवून बोला, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. तो गाळा घ्यावा का? आणि कोणकोणते परवाने लागतील?

उत्तर : परवान्यांचे आधी सांगून टाकते, कारण ते वाटते तितके अवघड नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे आपल्यासारख्या लहान दुकानाला नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही. व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यावी लागते आणि तिची पोच जपून ठेवावी लागते. खाद्यपदार्थ असल्यामुळे अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी घ्या आणि मगच चूल पेटवा. गॅस व्यावसायिक जोडणीचा, १९ किलोच्या सिलिंडरचा घ्या. घरचे सिलिंडर दुकानात वापरणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमाही हात वर करील. पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असावी, आणि दुसऱ्या भाषेतही नाव लिहायचे असेल तर मराठी अक्षरे त्याहून लहान नसावीत, ही अट २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही लागू झाली आहे.

आता गाळ्याचे. कुंभाच्या नावाने मागितलेले वाढीव भाडे मान्य करू नका. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि नाशिकमधील अमृतस्नानाच्या जाहीर तारखा २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ या आहेत. म्हणजे खरी गर्दी मोजक्या दिवसांची असते, आणि त्याच दिवसांत बंदोबस्तासाठी रस्ते वाहनांना बंद असतात. २०१५ च्या पर्वणीला हे शहराने अनुभवले आहे. भाविक रेल्वेने नाशिकरोडला उतरतो हे खरे. पण तेथून तो रामकुंडाकडे जातो, जेलरोडच्या गल्लीत पोळ्या घ्यायला थांबत नाही. आपले गिऱ्हाईक म्हणजे पाळीवरून परतणारा कामगार, खोली करून राहणारे विद्यार्थी आणि दोघेही नोकरीला असलेले जोडपे; त्यांच्या वर्षभराच्या वर्दळीवर भाडे ठरवा.

ही वर्दळ मोजायची कशी? गाळ्यासमोर एक दिवस सकाळी, एक दिवस संध्याकाळी सहा ते नऊ आणि एकदा सोमवारी, देवळालीगावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, वही घेऊन उभ्या राहा. किती जण जातात यापेक्षा किती जण थांबू शकतात हे पाहा. दुचाकी लावायला जागा आहे का, समोर दुभाजक आहे का, संध्याकाळचे ऊन थेट ओट्यावर येते का? एकाच गाळ्यात लागोपाठ तीन दुकाने बसली की लोक त्याला पनवती गाळा म्हणतात. जरा चौकशी केली की कळते, रस्त्यात दुभाजक झाल्यापासून पलीकडचे गिऱ्हाईक तुटले होते. आधीचे दुकान का गेले हे मालकाला विचारू नका, शेजारच्या चहावाल्याला विचारा.

करार लिव्ह अँड लायसन्सचा करा आणि तो नोंदवाच. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये, एवढाच मुख्य खर्च आहे. करारात दोन कलमे आग्रहाने घालून घ्या : मुदतीत भाडेवाढ किती आणि कधी, आणि आपल्याला मध्येच सोडायचे झाल्यास किती दिवसांची सूचना देऊन अनामत परत मिळेल. नवे दुकान उघडताना बंद करण्याची वाट आधी लिहून ठेवणे काहींना अपशकुनी वाटते. मला तो शहाणपणा वाटतो.

प्रश्न : आमच्या रस्त्यावर एक मंडळ नवरात्रात सलग पाच दिवस संपूर्ण रस्ता बंद करून कार्यक्रम आणि खाद्यजत्रा भरवते. नवरात्र ते दिवाळी हाच आमचा हंगाम. मंडपाचे कापड थेट दुकानाच्या दर्शनी भागावर येते, आणि बोललो तर आम्ही उत्सवाच्या विरोधात आहोत असे म्हटले जाते. काय करावे? (एक कापड दुकानदार)

उत्तर : आपला विरोध उत्सवाला नाही, न विचारता घेतलेल्या रस्त्याला आहे, हे आपल्या पत्रातून स्पष्ट दिसते. नाशिककर उत्सवासाठी दुकाने बंद ठेवायला कधीच कुरकुरत नाहीत. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे जमिनीतले हौद, उघडतात, त्या दिवशी त्या भागात साडीचे दुकान उघडे ठेवण्याचा विचारही कोणी करत नाही. चैत्रातील कामदा एकादशीला काळारामाच्या रथासाठी रस्ता मोकळा करून दुकानदार स्वतः पाणी घेऊन उभे राहतात. नवरात्रात कालिका यात्रेसाठी जुन्या आग्रा रोडची वाहतूक वळवली जाते तेव्हाही माणसे वाट बदलतात. कारण हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे, तिथी सर्वांना आधी ठाऊक असते आणि त्या प्रमाणात माल भरता येतो. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात नेमके हेच नाही.

म्हणून तक्रारअर्ज लिहिण्याआधी, नवरात्राच्या महिना-दीड महिना आधी, दुकानदारांची आणि मंडळाची एक बैठक घ्या. त्यात काय मागायचे ते आधी आपापसांत ठरवा. माझ्या मते पाचऐवजी दोन दिवस आणि त्यातला एक रविवार ही वाजवी तडजोड आहे. मंडपाचे खांब आणि कापड दुकानाच्या दारापासून दूर ठेवून पायी चालणाऱ्याला दोन्ही बाजूंनी सलग वाट राहिली पाहिजे, आणि मधून रुग्णवाहिका व अग्निशमन बंब जाईल इतकी जागा हवीच. व्यासपीठ दुकानांकडे पाठ करून नव्हे, रस्त्याच्या टोकाला असावे. स्टॉल लावण्याचा पहिला हक्क त्या रस्त्यावरील दुकानदारांचा आणि वर्षभर तेथेच बसणाऱ्या हातगाडीवाल्यांचा असावा. बाहेरून आलेला स्टॉलवाला पाच दिवसांत गल्ला भरून जातो आणि कचरा मात्र कापडवाल्याच्या पायरीवर राहतो, हे कोणत्याही अर्थाने सामाजिक नाही.

मंडळाने महापालिका आणि वाहतूक पोलीस यांची परवानगी घेतली आहे का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. वर्गणी गोळा करणारे मंडळ नोंदणीकृत नसेल तर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे व्यापारी क्षेत्रात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असतात, आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवसांसाठीच देऊ शकते. हे नियम बैठकीत मांडा, पण धमकीसारखे मांडू नका. मंडळातली मुले आपल्याच गल्लीतली आहेत. उद्या त्यांच्याच लग्नाचा बस्ता आपल्या दुकानात बांधला जाणार आहे. ठरले ते एका कागदावर लिहा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि त्या कागदाची प्रत रस्त्याच्या दोन्ही टोकांना लावा, म्हणजे गिऱ्हाइकालाही कोणत्या दिवशी यायचे ते कळेल.

प्रश्न : पूर्वी आमच्या गल्लीतील सगळी दुकाने आठवड्यातून एक ठरावीक दिवस बंद असत. आता ज्याचा त्याचा दिवस वेगळा. हा नियम गेला का?

उत्तर : होय. २०१७ च्या कायद्याने दुकान वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवता येते. मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुटी दिलीच पाहिजे. दुकानाला सुटी नसली तरी माणसाला आहे. आपला बंदचा दिवस शटरवर रंगवून घ्यायला दुकानदारांना काहीच हरकत नसावी.

प्रश्न : शिंप्याकडे कापड टाकायला गेले तर तिथे मोबाइलचे दुकान, औषधे आणायला गेले तर तिथे कुलूप. आपल्या मासिकाने कोणते दुकान उघडले, कोणते हलले आणि कोणते बंद झाले याची नोंद दर महिन्याला का देऊ नये? (एक ज्येष्ठ वाचक भगिनी, उपनगर)

उत्तर : देऊ, आणि पुढील अंकापासूनच देऊ. पत्र वाचल्यावर संपादकांशी बोलले आणि अर्धे पान मिळाले. ही नोंद जाहिरात नसेल, त्यामुळे तिच्यासाठी पैसे घेतले जाणार नाहीत आणि "भव्य शुभारंभ" किंवा "सवलतच सवलत" असे शब्द छापले जाणार नाहीत. दुकानाचे नाव, काम काय, जवळची खूण, उघडण्याची, हलण्याची किंवा बंद होण्याची तारीख आणि हललेले असल्यास नवा पत्ता, एवढेच द्यावे. बंद होणाऱ्या दुकानाची नोंद मालकाने स्वतः किंवा त्याच्या संमतीने घरच्याने पाठवावी. शेजाऱ्याने ऐकीव बातमी पाठवली तर ती घेतली जाणार नाही, कारण दुकान बंद होण्याची अफवा खऱ्या दुकानाला बंद पाडू शकते. रस्त्यावरील कार्यक्रमांची नोंद देताना वेळ आणि कोणता रस्ता किती वाजेपर्यंत बंद, हे अवश्य कळवावे. मजकूर महिन्याच्या २० तारखेपर्यंत पोहोचावा.

बिटको चौकातील घड्याळांच्या दुकानाची नोंद पहिली घेण्याची माझी इच्छा आहे. पुण्याच्या पत्रलेखकांनी वडिलांचा होकार कळवावा, आणि जमल्यास घड्याळांची यादीही पाठवावी. तिच्यासाठी अर्ध्या पानाचे पूर्ण पान करून घेईन.